पाटावर न मावलेली हत्यारे

आमच्या घरी खंडेनवमीला दोन पाट मांडले जातात. एका पाटावर माझ्या वह्या, शिक्का आणि अलीकडे लॅपटॉप असतो, कारण मी सनदी लेखापाल आहे आणि माझे पोट त्यांच्यावर चालते. दुसऱ्या पाटावर माझी सुतारकामाची हत्यारे असतात. त्यांच्यावर कोणाचेही पोट चालत नाही. २०२३ च्या नवमीला हा दुसरा पाट पुरला नाही. सासूबाईंनी आधी चौरंग आणला, तोही भरला, तेव्हा जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून त्यांनी उरलेली हत्यारे ओळीने मांडली आणि एकेकावर हळद-कुंकू वाहू लागल्या. लाकूड कोरायच्या एका पटाशीपाशी त्यांचे बोट तेलकट झाले. गंज चढू नये म्हणून कारखान्यात फासलेले तेल त्या पात्यावर अजून तसेच होते. "ही वापरलीच नाहीस का गं?" एवढेच त्यांनी विचारले. त्यात टोमणा नव्हता, पण त्या आत गेल्यावर मी प्रत्येक हत्याराला बोट लावून पाहिले. चौसष्टपैकी एकोणीस हत्यारे तेलातच होती आणि दोन तर खोक्यातून बाहेरही आलेली नव्हती.

दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका काढणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे त्या रात्री मी माझ्याच छंदाचे लेखापरीक्षण केले. बँकेची खातेउताऱ्याची पाने आणि बिले समोर ठेवून बेरीज मांडली, तेव्हा साडेतीन वर्षांत हत्यारांवर १,३८,४०० रुपये आणि लाकडावर ११,२५० रुपये गेल्याचे दिसले. म्हणजे लाकडाच्या प्रत्येक रुपयामागे हत्यारांचे बारा रुपये. या काळात माझ्या हातून पुऱ्या झालेल्या वस्तू होत्या नऊ: तीन स्टुले, दोन पाट, एक पुस्तकांची मांडणी, एक किल्ल्या अडकवायची फळी, एक चमच्यांचा ट्रे आणि मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी केलेली बैलगाडी. हत्यारांचा खर्च त्यांच्यात वाटला तर किल्ल्या अडकवायच्या फळीच्या वाट्यालाही १५,३७८ रुपये येतात. हौसेला मोल नसते असे म्हणतात; बिले मात्र माझ्याकडे सगळी होती.

हे झाले कसे, याचा विचार करताना मी माझ्या पहिल्या रंध्यापाशी येऊन थांबते. २०२० च्या टाळेबंदीत पॅकिंगच्या पेट्यांच्या पाईनच्या फळ्या घेऊन मी पहिले स्टूल करायला बसले, तेव्हा माझ्याकडे एक करवत, हातोडा, एक पटाशी आणि लाकूड सोलून सपाट करणारा, १,९०० रुपयांना मागवलेला लोखंडी रंधा होता. रंधा फळीवरून नीट सरकत नसे. मध्येच अडखळे, लाकूड सोलण्याऐवजी उचकटे आणि मागे ओरखडे सोडे. व्हिडिओत पाहावे तर तसाच रंधा एखाद्या परदेशी माणसाच्या हातात जिलेटीनच्या कागदासारखी पातळ, अखंड साल काढत असे. दोघांत मला दिसणारा फरक एकच होता: त्याचा रंधा महागडा होता. मी ९,८०० रुपयांचा दुसरा रंधा मागवला. तोही अडखळला. नाचता येईना तर अंगण वाकडे म्हणतात. मी एक पायरी पुढे जाऊन दुसरे अंगण विकत घेतले होते.

खरी गोष्ट अशी आहे की बहुतेक नवे रंधे आणि पटाश्या खोक्यातून निघतात तेव्हा त्या कामाच्या नसतात. त्यांना कारखान्यातील यंत्रावर एक ढोबळ उतार दिलेला असतो. धार लावण्याचे काम घेणाऱ्यावर सोडलेले असते. महाग हत्यारात हे काम थोडे कमी करावे लागते, एवढेच. मला हे कळायला एक वर्ष लागले, आणि कळल्यावरही पहिली गोष्ट मी केली ती खरेदीच. धार लावण्यासाठी मी विजेवर फिरणाऱ्या सहाणेचे, म्हणजे ग्राइंडरचे यंत्र आणले आणि पहिल्याच दिवशी त्यावर पटाशी दाबून धरली. अर्ध्या मिनिटात तिच्या टोकाला आधी पिवळट, मग जांभळी आणि मग निळी झाक आली. रंग सुरेख होता. त्याचा अर्थ मात्र असा की पोलादाला दिलेले पाणी उतरले, टोक मऊ पडले आणि आता तो निळा भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय त्या पटाशीला टिकाऊ धार येणार नाही. यंत्रावर पोलाद दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवावे लागते हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

शेवटी जमले ते तीनशे रुपयांच्या आत. चौकातील काचवाल्याकडून मी जाड काचेचा एक टाकाऊ तुकडा कडा घासून घेतला, कारण काच जवळजवळ पूर्ण सपाट असते आणि तेच आपल्याला हवे असते. त्यावर पाण्यात चालणारा पॉलिश पेपर चिकटवला: आधी २२० नंबरचा, मग ४००, मग १०००, शेवटी २०००. प्रथम पटाशीची पाठ काचेवर सपाट टेकवून घासायची, तिच्यात आपले नाक दिसेपर्यंत. मग उताराची बाजू साधारण २५ ते ३० अंशांत धरून मागे ओढायची. काही वेळाने बोट पाठीवरून धारेकडे अलगद नेले की केसाहूनही बारीक अशी एक कड बोटाला लागते. ही कड सगळ्या रुंदीभर लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोहोचली. पुढच्या नंबराच्या कागदावर ती कड बारीक होत जाते, आणि जुन्या चामडी पट्ट्यावर दहा-बारा वेळा पाते उलटसुलट ओढले की ती गळून पडते. धार पाहायची ती पाईनच्या तुकड्याच्या टोकावर, जिथे लाकडाचे रेषे आडवे कापले जातात. पाईन मऊ असल्यामुळे बोथट पाते त्या रेषांना चिरडते आणि तिथे पांढरट, पिंजल्यासारखा भाग दिसतो. धारदार पात्याने तोच भाग मेणासारखा तुळतुळीत निघतो.

त्या संध्याकाळी मी १,९०० रुपयांच्या पहिल्या रंध्याचे पाते त्या काचेवर पाजवले, त्याच्या पाठीवर बसणारी पट्टी धारेपासून जेमतेम एक मिलिमीटर मागे ठेवून स्क्रू आवळला आणि फळीवरून ढकलला. आवाजच बदलला होता. घासल्याचा आवाज जाऊन कापड फाटावे तसा लांब सुस्कारा ऐकू आला, आणि रंध्याच्या तोंडातून साल उसळून वर आली, वळली आणि माझ्या मनगटावर पडली. तिच्यातून पलीकडचा दिवा दिसत होता. मला आनंद झाला, आणि ९,८०० रुपये आठवून लगेच वाईटही वाटले.

अमेरिकेत लेनर्ड बेली नावाच्या माणसाने १८६० च्या दशकात लोखंडी रंध्याचे पाते मागेपुढे करण्याची जी रचना बसवली, आणि १८६९ मध्ये तिचे हक्क स्टॅन्ले कंपनीकडे गेले, तीच रचना मूलतः आजही बाजारातील बहुतेक लोखंडी रंध्यांत आहे. दीडशे वर्षांत त्यात फारसे काही नवीन करण्यासारखे उरलेले नाही. पण स्टॅन्लेने या रंध्यांना लांबीप्रमाणे १ ते ८ असे क्रमांक दिले, आणि माझ्यासारख्यांचा घात केला तो त्या क्रमांकांनी. ४ नंबरचा साधारण साडेनऊ इंची, ५ नंबरचा १४ इंची, ७ नंबरचा २२ इंची. ४ आणि ५ घरात आले की मांडणीवर ७ ची जागा रिकामी दिसू लागते, आणि ती रिकामी जागा एखादी गरज असल्यासारखी बोलते. माझ्या बाल्कनीची लांबी नऊ फूट आणि रुंदी चार फूट आहे. २२ इंची रंधा जिच्यावर चालवावा अशी सात-आठ फुटी फळी तिथे ठेवली तर मला दिवाणखान्यात उभे राहून काम करावे लागेल.

संचांचेही तेच. बारा पटाश्यांचा संच घेताना दर पटाशीमागची किंमत इतकी कमी येते की सुटी पटाशी घेणे मूर्खपणाचे वाटते. मी तो १,४५० रुपयांना घेतला. त्यातल्या मी हात लावते त्या तीन: ६, १२ आणि २५ मिलिमीटरच्या. उरलेल्या नऊ पटाश्या म्हणजे सासूबाईंच्या बोटाला लागलेले तेल. शिवाय त्या संचाचे पोलाद हलके निघाले. सागवानात सिलिका असते, ती कोणत्याही धारेला लवकर बोथट करते. चांगल्या पोलादाची पटाशी तासभर टिकते तिथे ही पंधरा मिनिटांत मान टाकते. तेव्हा स्वस्तात घेणे म्हणजे खर्च आवरणे, ही समजूतही माझ्या हिशेबवहीतून बाद झाली. त्याच पैशांत दोन चांगल्या पटाश्या आल्या असत्या.

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांची कथा अधिक लबाडीची आहे. पहिले ड्रिल बॅटरी आणि चार्जरसह येते. त्यानंतर त्याच कंपनीचे प्रत्येक यंत्र "नुसते" म्हणजे बॅटरीशिवाय मिळते आणि त्यामुळे स्वस्त वाटते. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्रात बसत नाही, म्हणून पहिले ड्रिल निवडले त्या दिवशीच पुढच्या चार खरेद्यांचे दुकान ठरून जाते. त्यातही एका खोक्यावर १८ व्होल्ट आणि दुसऱ्यावर २० व्होल्ट पाहून मी दुसऱ्याकडे झुकले होते. दोन्हींत एकापुढे एक जोडलेले पाचच सेल असतात. दर सेलचे ३.६ व्होल्ट धरले की १८ होतात, आणि नुकत्याच भरलेल्या सेलचे ४ धरले की २०. ताळेबंदात एखाद्या अशिलाने अशी कसरत केली असती तर मी त्याला समोर बसवून चार प्रश्न विचारले असते.

आमच्या सोसायटीत पावसाळ्यात दारे फुगतात. दोन वर्षांपूर्वी आमचे मागचे दार घासायला आलेल्या मिस्त्रींना पाणी देताना माझी बाल्कनी दिसली. अशा गोष्टींत म्हातारा कारागीर आधुनिक यंत्राकडे पाहून हसतो आणि आपला जुना रंधा कुरवाळतो, असे वाचायची आपल्याला सवय असते. हे मिस्त्री चाळिशीचे होते आणि माझ्या कडा कोरण्याच्या छोट्या बिनवायरच्या राउटरकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, तशी नजर मी सराफाच्या दुकानातही कमी पाहिली आहे. त्यांनी तो हातात घेतला, वजन जोखले आणि किंमत विचारली. मी बॅटरीसकट अकरा हजार सांगितली. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी केले.

"ताई, हा माझ्याकडं असता तर वीस दिवसांत फिटला असता. कडेला लॅमिनेट छाटायला मला अर्धा दिवस जातो," ते म्हणाले, आणि मग अगदी सरळपणे, "तुम्ही काय करता याचं?"

मी म्हणाले, "शिकतेय."

"मग बरंय," असे म्हणून त्यांनी तो जागच्या जागी ठेवला.

त्यांनी केलेला हिशेब मी रोज दुसऱ्यांसाठी करते. कमाई करणाऱ्या यंत्राची किंमत कमाईतून वसूल होते आणि प्राप्तिकराच्या नियमांत अशा सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर वर्षाला १५ टक्के घसाराही मिळतो. माझा राउटर काहीच कमवत नव्हता. तो जो काही मोबदला देणार होता तो बाल्कनीतील तासांतच, आणि ते तास मी हत्यारे वापरण्यापेक्षा हत्यारे निवडण्यात घालवत होते. रात्री जेवणे आटोपल्यावर एक-दीड तास तुलना, परीक्षणे, व्हिडिओ. त्यात थकवा नव्हता, बोट कापत नव्हते, चुकलेला सांधा दिसत नव्हता. एखादे हत्यार मागवले की त्याने होणारे काम अर्धे झाल्यासारखे समाधान मिळे, आणि ते घरी येईपर्यंतचे चार दिवस तर विशेष सुखाचे जात. आल्यावर मात्र ते एक लोखंड असे.

आणि तरीही सगळ्यात मोठी चूक माझ्याकडून होता होता राहिली. फळ्या एकसारख्या जाडीच्या करणारे प्लॅनर यंत्र, ५२,००० रुपयांचे, दिवाळीच्या सवलतीत, विनाव्याज बारा हप्त्यांत. ते मी निवडून ठेवले होते आणि त्याच आठवड्यात सागाच्या चार फळ्या आणायला भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये गेले होते. फळ्या मोजून झाल्यावर वखारीतल्या माणसाने नुसते विचारले, "रंधून देऊ का? किती जाडी ठेवायची?" मागे शेडमध्ये मोठे यंत्र चालू होते. दहा मिनिटांत चारही फळ्या दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, २० मिलिमीटरच्या करून मिळाल्या. मजुरी झाली २६० रुपये. माझ्या यंत्राच्या किमतीत अशा दोनशे खेपा होतात. त्यानंतर आजवर मी अकरा वेळा गेले आहे. शिवाय यंत्राचा तो आवाज, भुसा आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांची दुपारची झोप हे हिशेबात धरलेलेच नाही. परदेशी व्हिडिओतील माणसाकडे दोन मोटारींचे गॅरेज असते आणि कदाचित जवळपास वखार नसते, म्हणून तो ते यंत्र घेतो. पुण्यात राहणाऱ्या माणसाने त्याची अडचण उसनी कशाला घ्यावी?

नवमीनंतर मी एक वही केली आणि तिला "अडले" असे नाव दिले. हत्याराचे नाव तिच्यात लिहायचे नाही. तारीख, चालू काम, कुठे अडले आणि शेवटी ते कसे निभावले, एवढेच लिहायचे. एकाच ठिकाणी तीन वेळा अडल्याखेरीज बाजारात जायचे नाही. ही वही माझ्याशी बऱ्यापैकी कठोरपणे वागते. उदाहरणार्थ, कुसू, म्हणजे दुसऱ्या तुकड्याचे टोक, बसवायला स्टुलाच्या पायातील खोबण पटाशीने खणताना "फार वेळ लागला" अशी नोंद मी केली आणि त्यावरून खोबण पाडण्याच्या यंत्राची स्वप्ने पाहू लागले. पण त्याच पानावर पुढे "कुसू घट्ट बसले, ठोकून काढता येत नाही" असेही माझ्याच अक्षरात आहे. वेळ लागला होता, अडले नव्हते. ती नोंद मी खोडली. दुसरी नोंद होती काटकोनाची. काटकोन आखायचा सहाशे रुपयांचा माझा गुण्या दोन वेळा उलटसुलट ठेवून रेघ मारली तर दोन रेघा एकमेकींवर पडत नसत, म्हणजे तोच वाकडा होता आणि माझे सगळे सांधे त्याच्यामुळे उघडे राहत होते. तिसऱ्या नोंदीनंतर मी चांगला गुण्या घेतला. नाकावरचा चांगला मास्क आणि डोळ्यांचा चष्मा यांच्यासाठी मात्र मी तीन वेळा अडण्याची वाट पाहिली नाही, आणि कोणी पाहू नये.

वही काटेकोर आहे, मी तशी नाही. मागच्या वर्षी एका रविवारी जुन्या बाजारात सायकलच्या सुट्या भागांच्या ढिगात मला गंजलेला १४ इंची रंधा दिसला, आणि साडेसहाशे रुपये देऊन मी तो घरी आणला. वाटेत मी स्वतःला सांगत होते की जुनी वस्तू म्हणजे खरेदी नव्हे, ते तर जतन. तीन रविवार रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन मी त्याचा गंज काढला. तो आता सुंदर चालतो. पण ५ नंबरचा रंधा माझ्याकडे आधीच होता, तेव्हा हे साडेसहाशे मी हत्यारांच्याच रकान्यात लिहिले आहेत. न वापरलेल्या नऊ पटाश्या आणि ग्राइंडर मी एका तांत्रिक शाळेच्या सुतारकामाच्या वर्गाला देऊन टाकले. ९,८०० चा रंधा विकला, ७,२०० आले. राउटर ठेवला आहे, कारण आता देव्हाऱ्याच्या कडा कोरायला तो खरोखर लागतो आहे.

त्या देव्हाऱ्याचेच काम सध्या चालू आहे. सागाच्या तीन पट्ट्या फेविकॉलने जोडून त्याची मागची पाठ करायची आहे आणि जोडताना त्या दाबून धरायला माझ्याकडचे दोन फुटी क्लॅम्प पुरत नाहीत. पहिल्यांदा मी दोरी आवळून मध्ये काठी पिळली. दोरी सैल पडली आणि एक सांधा उघडला. दुसऱ्यांदा भिंत आणि लोखंडी कपाट यांच्यामध्ये पाचरी ठोकल्या. सांधा बसला, कपाटाला पोचा आला. तिसऱ्यांदा शेजाऱ्यांकडून क्लॅम्प उसने आणले आणि त्यांना त्याच संध्याकाळी ते परत हवे होते. वहीत तिन्ही तारखा आहेत. या आठवड्यात बोहरी आळीत जाऊन चार फुटी बार क्लॅम्प आणणार आहे. दोन.